सातारच्या पावसाळ्यात गालिचे, सतरंज्या आणि घोंगड्या कशा सांभाळाव्यात: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

सोलापूर, मराठवाडा किंवा आपल्याच जिल्ह्यातील माण-खटाव सोडून एखादे कुटुंब बदलीमुळे मेढा, पाटण, कोयनानगर किंवा महाबळेश्वर या भागात राहायला येते, तेव्हा इथल्या पावसाचा खरा अंदाज त्याला पहिल्या वर्षी येत नाही. दहिवडीकडे वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, सातारा शहरात १,००० मिलिमीटरच्या आसपास, आणि साताऱ्याहून मेढामार्गे सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या महाबळेश्वरात मात्र ५,५०० मिलिमीटरहून अधिक. त्यातही जुलैमध्ये झड लागली की आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा हवेत घरात अंथरलेल्या गालिच्याची निगा कशी राखावी, हे नवख्या माणसाला कोणी बसवून सांगत नाही. इथल्या जुन्या घरांत मृगाआधीच जाड अंथरुणे उचलून माळ्यावर जात असल्यामुळे त्याविषयी बोलण्याची वेळच सहसा येत नसे.

आम्ही कोयनानगरला गेलो त्या वर्षी माझ्याजवळ लग्नात मिळालेला एक लोकरी गालिचा होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यावर चिखलाची पावले उमटली, म्हणून मी तो मोरीत नेऊन साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतला आणि पंख्याखाली दोन खुर्च्यांवर टाकला. पाचव्या दिवशी तो हाताला कोरडा लागला, म्हणून पुन्हा अंथरला. पुढच्या आठवड्यात त्याचे एक टोक उचलून पाहिले, तेव्हा पाठीचा ताग तपकिरी पडला होता, खालच्या फरशीवर ओलीचा ठसा उमटला होता आणि वासामुळे खोलीत बसवत नव्हते. तो गालिचा शेवटी टाकून द्यावा लागला. चिखलाने त्याचे काहीच बिघडले नव्हते. मी वापरलेल्या पाण्याने तो गेला. म्हणून पुढे जे सांगते आहे, त्यातील प्रत्येक गोष्ट एकाच विचारावर उभी आहे: पावसाळ्याच्या चार महिन्यांत गालिचा धुवायचा नाही, तो कोरडा ठेवायचा आणि मळ उंबरठ्याबाहेरच थोपवायचा.

आपले अंथरूण कशाचे आहे ते आधी पाहा

एकच उपाय सगळ्या अंथरुणांना चालत नाही. लोकरीचा गालिचा आणि घोंगडी, सुताची सतरंजी किंवा जाजम, तागाची चटई आणि हल्ली दुकानात सर्रास मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा हे चार प्रकार आपल्याकडे प्रामुख्याने आढळतात. ओळख पटत नसेल तर कडेचा एक धागा काढून तो चिमट्यात धरावा आणि स्टीलच्या वाटीवर काडीने पेटवावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटाने चुरगळते. सूत आणि ताग कागदासारखे जळतात. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. गालिच्याची पाठही पाहून ठेवावी, कारण वरचा भाग कृत्रिम असला तरी पाठीला ताग आणि डिंकाचा थर असू शकतो, आणि ओल सर्वांत आधी तिथेच धरते.

लोकरीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आर्द्रता पोटात घेऊ शकते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. माझी फसगत याच गुणामुळे झाली. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणली जाते आणि तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी पावसाळी हवेत थोडी मऊ पडते आणि तिला एक विशिष्ट वास येतो. तो वास खराबीचा नसतो, त्यामुळे घाबरून ती धुवायला काढू नये. सतत दमट राहिली तर मात्र त्याच खळीवर बुरशी लवकर चढते.

कृत्रिम गालिच्याचा धागा स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाही. त्यामुळे ‘याला काही होत नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात पाणी लवेच्या मुळाशी आणि पाठीच्या थरात अडकून बसते, आणि पायाने आलेली बारीक माती तिथे मुरून कुजकट वास सुरू होतो.

मे महिन्यातली तयारी

गालिचा धुवायचा असेल, धोब्याकडे किंवा गालिचे धुणाऱ्यांकडे द्यायचा असेल, तर ते काम एप्रिल-मेमध्ये उरकावे. जूनच्या ७ तारखेच्या सुमारास मृग लागतो आणि त्याआधी वळवाच्या सरीही येतात, म्हणून मे महिन्याचा तिसरा आठवडा ही शेवटची सोयीची वेळ समजावी. ज्यांना घरी धुणे शक्य नाही त्यांनी निदान गालिचा दोरीवर उलटा टाकून पाठीकडून बडवावा. बडवण्यासाठी वेताची काठी किंवा जुन्या बॅडमिंटनच्या रॅकेटसारखे काही रुंद घ्यावे. टोकदार किंवा फार जड काठीने गाठी तुटतात. पाठीकडून बडवल्यावर जी धूळ खाली पडते ती पाहिली, की रोज झाडूनही आत किती माती साठलेली असते ते कळते. ही कोरडी माती जूनमध्ये ओली झाली की तिचाच चिखल गालिच्याच्या आत तयार होतो.

यानंतर निर्णयाची वेळ येते. पश्चिमेच्या भागात, म्हणजे जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांत राहणाऱ्यांनी लोकरी गालिचा चार महिने उचलून ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. सातारा शहर, कऱ्हाड, वाई, सांगली, मिरज इथे पाऊस मध्यम असतो, त्यामुळे पुढे सांगितलेली काळजी घेतली तर गालिचा अंथरलेला राहू शकतो. जमिनीवर काहीतरी हवेच असेल, तर सुताची पातळ सतरंजी सर्वांत चांगली, कारण ती एका उघडिपीत वाळते.

उचलून ठेवायचा गालिचा पूर्ण कोरडा असला पाहिजे. त्याची लव आत ठेवून गुंडाळी करावी. घडी घालू नये, कारण चार महिन्यांत घडीवर कायमची मोड पडते. गुंडाळी जुन्या सुती चादरीत किंवा धुतलेल्या लुगड्यात बांधावी. प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट बांधली तर आतली थोडीशी ओलही बाहेर पडत नाही. ती जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. लोखंडी खाटेवर, फळ्यांवर किंवा ट्रंकेवर आडवी ठेवावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. ओल्या जमिनीला टेकलेल्या तागाला आणि सुताला वाळवी लागण्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत.

लोकरीला कसर लागते. तिची अळी लोकर खाते आणि अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी वाढते. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे गुंडाळीत ठेवण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण त्यावर विसंबून चार महिने गुंडाळी उघडायचीच नाही असे करू नये. डांबराच्या गोळ्या वापरायच्या तर तान्ह्या बाळाच्या खोलीपासून दूर वापराव्यात, कारण काही बाळांच्या रक्तावर त्यांचा गंभीर परिणाम होतो. दर तीन-चार आठवड्यांनी एखादी उघडीप पाहून गुंडाळी सोडावी, झटकावी आणि उलट्या बाजूने पुन्हा गुंडाळावी. कसरीचा बंदोबस्त याने जितका होतो तितका कोणत्याही गोळीने होत नाही.

उंबरठ्यावरची व्यवस्था

गालिचा घाण होण्याचे कारण गालिच्यावर शोधायचे नसते, ते दारात असते. पावसाळ्यात घरात येणाऱ्या चिखलाचा आणि पाण्याचा फार मोठा भाग पहिल्या चार-पाच पावलांत खाली उतरतो. ती चार-पाच पावले गालिच्यावर पडण्याऐवजी पायपुसण्यावर पडतील अशी रचना केली, की अर्धे काम झाले. आपल्या जुन्या घरांतील ओसरी, पडवी आणि सोपा यांचा उपयोग हाच होता. आता फ्लॅटच्या दारातून माणूस थेट बैठकीच्या खोलीत येतो, त्यामुळे ती रचना आपल्याला दोन-तीन फुटांत उभी करावी लागते.

दाराबाहेर काथ्याचे खरबरीत पायपुसणे ठेवावे. त्याचे काम पाणी शोषण्याचे नसून चिखल खरवडण्याचे आहे. पाऊस थेट आत येत असेल तर काथ्याऐवजी रबराचे जाळीदार पायपुसणे घ्यावे, कारण सतत भिजलेला काथ्या कुजतो आणि त्याचा तपकिरी रंग फरशीवर उतरतो. दाराच्या आत लगेच पाणी टिपणारे जाड सुती पायपुसणे अंथरावे आणि ते निदान दोन पावले पडतील एवढे लांब असावे. इथे मला गोणपाटाची शिफारस करावीशी वाटते. धुतलेले तागाचे पोते चौपदरी घालून दारात ठेवले, तर ते बाजारातल्या शोभेच्या पायपुसण्यापेक्षा जास्त चिखल धरते, आणि खराब झाले की दुसरे घालता येते. अट एकच आहे: अशी तीन पोती हवीत. एक दारात, एक वाळत आणि एक कोरडे घडी करून ठेवलेले. दिवसभर भिजून चिंब झालेले पायपुसणे कोणाचेही पाय पुसत नाही, उलट प्रत्येकाच्या पायाला ओल लावून आत पाठवते. संध्याकाळी शाळा आणि कचेऱ्या सुटायच्या आधी पायपुसणे बदलण्याची सवय लावून घ्यावी.

छत्री, रेनकोट आणि दप्तर यांच्यासाठी दाराशीच जागा करावी. ओली छत्री उघडून बैठकीच्या खोलीत वाळत ठेवण्याची सवय फार घरांत आहे. तिच्या टोकातून गालिच्याच्या एकाच जागी तासभर पाणी ठिबकते, आणि काडीला गंज असेल तर तिथे पिवळट-तपकिरी डाग पडतो. छत्रीसाठी एखादी जुनी बादली पुरते. गमबूट आणि चपला ठेवण्यासाठी पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा उथळ ट्रे घ्यावा, म्हणजे ओघळ पसरत नाही.

चपला बाहेर काढायची रीत आपल्याकडे आहेच, पण पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही, कारण अनवाणी पायही ओले आणि मातीने भरलेले असतात. दारात तांब्याभर पाणी आणि एक जाडसर टॉवेल ठेवावा, आणि पाहुण्यांना ‘आधी पाय धुऊन घ्या’ असे मोकळेपणाने म्हणावे. आपल्याकडे याचा कोणाला राग येत नाही. उलट घरी आलेल्याला पाय धुवायला पाणी देणे हा मानच असतो.

रोजची आणि आठवड्याची झाडलोट

गालिच्यावर केरसुणी फिरवताना ती दाबून ओढू नये. त्याने वरचा केर जातो, पण बारीक माती लवेत अधिक खोल जाते. नारळाच्या हिरांचा खराटा गालिच्यावर अजिबात वापरू नये. सतरंजी आणि घोंगडी रोज उचलून बाहेर झटकावी, हाच त्यांचा सर्वांत चांगला इलाज आहे. झटकण्यासाठी दोन माणसे लागतात. चारही टोके धरून एका वेळी झटका दिला की माती सुटते.

गालिच्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो सावकाश चालवावा. एका पट्ट्यावरून भराभर चार वेळा फिरवण्यापेक्षा दोनदा हळू फिरवणे चांगले: एकदा लवेच्या उलट दिशेने, म्हणजे आतली माती वर येते, आणि नंतर लवेच्या दिशेने, म्हणजे लव बसते. हाताने कुरवाळून पाहिले की ज्या दिशेला हात सहज जातो ती लवेची दिशा. झालरीवरून फिरणारा ब्रश नेऊ नये, धागे गुंडाळले जातात. पावसाळ्यात घरात सगळे जास्त वेळ असल्यामुळे दारापासून सोफ्यापर्यंतचा वहिवाटीचा पट्टा दिवसाआड साफ करावा. कोपरे आठवड्यातून एकदा केले तरी चालतात. ओल्या भागावर मात्र साधा व्हॅक्यूम क्लीनर कधीही चालवू नये. यंत्र बिघडते आणि विजेचा धोकाही असतो.

चिखल: काळा आणि तांबडा

ओला चिखल दिसला की फडके घेऊन घासायला धावणे ही सर्वांत मोठी चूक आहे. त्याने एका पावलाचा डाग हातभर पसरतो. आधी जाड ढेकूळ बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने कडेकडून मध्याकडे हलके उचलून घ्यावे, आणि उरलेला चिखल वाळू द्यावा. दमट हवेत याला पूर्ण दिवस लागू शकतो. टेबलपंखा लावला तर लवकर वाळतो. वाळल्यावर बोटांनी चुरगळून मऊ ब्रशने मोकळा करावा आणि झाडून किंवा व्हॅक्यूमने काढावा. बहुतेक डाग एवढ्यानेच जातात आणि पाण्याचा एक थेंबही लागत नाही.

कृष्णाकाठची, कऱ्हाड-सांगलीकडची माती काळी आणि चिकण असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगा पाडत आकसते. याच गुणामुळे काळा चिखल ओला असताना चिकटून बसतो, पण वाळल्यावर खपली होऊन चांगला सुटतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरची जांभ्याची तांबडी माती वेगळी. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे तो एक प्रकारचा गंजच आहे. माती झाडून गेली तरी धाग्यावर तांबूस झाक राहते. अशा डागावर क्लोरीनचे ब्लीच घालू नये. गंजाचा रंग त्याने जात नाही, कधी अधिक पक्का होतो, आणि लोकर असेल तर ब्लीचने ती विरघळते. एक कप कोमट पाण्यात पाव चमचा लिंबूसत्त्व घालून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहून, मग पांढऱ्या फडक्याने डागावर टिपावे. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा टिपून कोरड्या टॉवेलने दाबावे.

आपल्याकडची बरीच मुले आता बर्फ पडणाऱ्या देशांत राहतात आणि तिथून हाच प्रश्न विचारतात. तिथे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते बुटांच्या तळव्यांना लागून गालिच्यावर येते. पाणी वाळले की पांढरा खरखरीत डाग राहतो, आणि ते मीठ हवेतली ओल ओढत असल्यामुळे तिथे पुन्हा मळ धरतो. त्यावर उपाय म्हणजे आधी कोरडे मीठ व्हॅक्यूमने काढणे, नंतर कोमट पाणी आणि पांढरे व्हिनेगर समप्रमाणात मिसळून पांढऱ्या फडक्याने टिपणे. दारात बूट काढण्याची आपली रीत त्यांनी तिथेही सोडू नये.

हवेतली ओल

गालिच्यावर पाणी न सांडताही तो ओला होऊ शकतो. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला पोषक स्थिती तयार होते, आणि आपल्या पश्चिम भागात जुलै-ऑगस्टमध्ये ती अनेकदा ९० टक्क्यांच्या पुढे असते. शिवाय शहाबादी फरशी आणि जुन्या घरांच्या जमिनी ओल धरतात. अशा फरशीवर गालिचा अखंड पसरलेला राहिला तर खालची ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा गालिचा अर्ध्यापर्यंत उलटून दोन तास पंखा लावावा आणि दुसऱ्या वेळी उरलेला अर्धा भाग उलटावा. गालिच्याखाली वर्तमानपत्रे घालण्याची सवय सोडावी. ओल्या कागदाची शाई पाठीला लागते आणि कागदच बुरशीचे खाद्य होतो.

ज्या खोलीत गालिचा आहे तिथे कपडे वाळत घालू नयेत. पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधलेल्या असतात हे मान्य आहे, पण बादलीभर धुतलेल्या कपड्यांतील पाणी शेवटी खोलीच्या हवेतच जाते आणि तिथून गालिच्यात. खिडक्यांच्या बाबतीत तारतम्य ठेवावे. धुके घरात शिरत असताना खिडकी उघडून काहीच वाळत नाही. उघडीप मिळाली की मात्र समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या लगेच उघडाव्यात, भले ती अर्ध्या तासाची असो. लोखंडी कपाट किंवा कॉट गालिच्यावर असेल तर प्रत्येक पायाखाली प्लॅस्टिकची टोपी घालावी. दमट हवेत पायाला आलेला गंज लवेत उतरतो, आणि तो डाग सहजी निघत नाही.

श्रावण आणि गौरी-गणपतीचे डाग

सणासुदीला पाहुणे येतात म्हणून नेमक्या ओल्या दिवसांत गालिचे अंथरले जातात. चहा सांडला तर पांढरे सुती फडके दाबून टिपावे, घासू नये. मग एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा सौम्य द्रव साबण घालून त्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरून आत टिपत जावे. निरांजनातले तेल किंवा तूप सांडले तर त्यावर मक्याचे पीठ किंवा मुलतानी माती भुरभुरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झाडावी.

हळदीचा डाग वेगळ्या स्वभावाचा असतो. त्यावर कपड्यांचा साबण किंवा सोडा लागला की तो लालसर होतो, आणि मग तो हळदीचा की कुंकवाचा हेही ओळखू येत नाही. हळद सांडल्यास ती आधी कोरडीच झाडून घ्यावी. उरलेला पिवळेपणा उन्हाने विटतो, त्यामुळे सतरंजी असेल तर पुढच्या उघडिपीत डागाची बाजू उन्हाला दाखवावी. हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात मी गालिच्यावर मधोमध एक धुतलेली पांढरी चादर अंथरते. त्यात कोणाला गैर वाटत नाही आणि नंतरचे सगळे कष्ट वाचतात.

गालिचा भिजलाच तर

खिडकीतून झड आली, नळ फुटला किंवा बादली कलंडली, तर पहिले २४ तास महत्त्वाचे असतात. ४८ तासांच्या आत गालिचा वाळला नाही तर बुरशी धरू लागते. प्रथम गालिचा फरशीवरून उचलावा. मग जाड टॉवेल पसरून त्यावर अनवाणी उभे राहावे. आपल्या वजनाने जेवढे पाणी टॉवेलमध्ये येते तेवढे हाताने दाबून येत नाही. टॉवेल पिळून, जागा बदलून, टॉवेल ओला होईनासा होईपर्यंत हे करत राहावे. लोकरी गालिचा पिळू नये आणि दोरीवर एका रेषेत टांगू नये, कारण ओल्या गालिच्याचे वजन दुप्पट होते आणि तो मधोमध ओढला जातो. सुंभाची बाज असेल तर ती यासाठी उत्तम. बाजेवर गालिचा पालथा पसरून खालून टेबलपंखा आणि वरून छताचा पंखा चालू ठेवावा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून काहीही वाळवू नये. थंडीपावसात हा मोह होतो, पण कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, आणि झोपेत जीव जातो.

वाळला की नाही हे हाताने ठरवू नये. पातळ कोऱ्या कागदाची घडी गालिच्याच्या पाठीवर, सर्वांत जाड जागी ठेवावी आणि तिच्यावर पाटा किंवा भरलेला डबा ठेवावा. तासाभराने कागद उचलून कानाजवळ हलवावा. कोरडा कागद करकरतो, ओल लागलेला लुळा पडतो आणि आवाज करत नाही. कागद लुळा असेल तर आणखी एक दिवस थांबावे. कोयनेचा तो गालिचा मी या परीक्षेला लावला असता तर तो आजही घरात असता.

पुराचे पाणी

सांगली, मिरज, कऱ्हाड आणि नदीकाठच्या गावांत नव्याने आलेल्यांनी हा भाग वेगळा लक्षात ठेवावा. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते, पण सखल वस्त्यांत पाणी त्याआधीच पोचते. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गालिचे त्याच दिवशी वरच्या मजल्यावर न्यावेत. भिजलेला गालिचा नंतर दोघांनाही उचलत नाही.

पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते, म्हणून त्याला पावसाच्या पाण्याचे नियम लागू नाहीत. घरात परतल्यावर आधी मुख्य वीजपुरवठा बंद आहे याची खात्री करावी, हातमोजे आणि गमबूट घालावेत, कारण अशा चिखलातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. टाकून देण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढावेत आणि पंचनाम्यात तिची नोंद करून घ्यावी. फोम किंवा डिंकाची पाठ असलेला गालिचा वाचवण्याच्या मागे लागू नये. सुताची सतरंजी आणि घोंगडी वाचू शकते. इथे मात्र चिखलाचा वर सांगितलेला नियम उलटा होतो. पुराचा गाळ वाळू द्यायचा नाही, कारण तो धाग्याच्या आरपार बसलेला असतो. ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या जोरदार धारेखाली, पाणी नितळ येईपर्यंत काढायचा. पांढऱ्या सुती कापडासाठी पातळ ब्लीच चालते, लोकरीला नाही, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून घातक वायू निघतो.

घट बसण्याआधी

भाद्रपद संपत आला की आपल्याकडे गोधड्या, चादरी, घोंगड्या धुण्याची लगबग सुरू होते. नवरात्रात घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन निघावे, ही रीत पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खऱ्या उन्हाशी बरोबर जुळते. घोंगडीसाठी रात्रभर भिजवून उकळलेल्या रिठ्याचे गार झालेले पाणी वापरावे. गरम पाणी आणि सोडा लोकरीला आटवतात. थापीने बडवू नये, पायाने हलकी तुडवावी, साध्या पाण्यातून दोन-तीनदा काढावी आणि सावलीत पसरून वाळवावी. पांढऱ्या लोकरीवर रिठ्याची किंचित तपकिरी झाक येते, म्हणून तिला सौम्य द्रव साबण बरा.

हस्ताच्या सरी अजून शिल्लक असतात, त्यामुळे लोकरी गालिचा लगेच धुवायला काढण्याची घाई करू नये. सलग चार दिवस कडक ऊन पडले की गुंडाळी सोडून तो आधी पालथा, पाठ उन्हाकडे करून सकाळी दहा ते दुपारी चार असा दोन दिवस ठेवावा. मग बडवावा, कसरीने खाल्लेली जागा कुठे आहे का ते लव बोटांनी विंचरून पाहावे, आणि कागदाची परीक्षा झाल्यावरच अंथरावा.